'एरर कॉइन' खरेच लाखमोलाचे? टाकसाळीतली चूक आणि नंतरची मोडतोड कशी ओळखायची

किराणा दुकानातून परत मिळालेल्या चिल्लरमध्ये कडेला तुकडा तुटलेले किंवा छाप सरकलेले एखादे नाणे निघते. कोणीतरी सांगते, 'अरे, हे एरर कॉइन आहे, जपून ठेव.' मोबाइलवर शोध घेतला की अशा नाण्याला लाखो रुपये मिळतात असे सांगणारे डझनभर व्हिडीओ समोर येतात. त्यातल्या बहुतेकांच्या खाली एक व्हॉट्सअॅप क्रमांक असतो आणि तिथूनच खिसा रिकामा होण्याची सुरुवात होते.

टाकसाळीत चुकलेली नाणी असतात आणि संग्राहक ती विकतही घेतात, हे खरे आहे. मात्र लोकांच्या हाती येणारी 'विचित्र' नाणी बहुतेक वेळा टाकसाळीतून व्यवस्थित बाहेर पडलेली आणि नंतर ठोकली, घासली, जाळली किंवा मुद्दाम बिघडवलेली असतात. दोन्हींतला फरक घरबसल्या ओळखता येतो का? बऱ्याच अंशी हो. त्यासाठी आधी नाणे कसे तयार होते ते समजून घ्यावे लागेल.

नाणे तयार कसे होते?

भारतात नाणी पाडणाऱ्या चार सरकारी टाकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. २००६ पासून त्या सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन या केंद्र सरकारच्या कंपनीकडे आहेत. नाण्यावरच्या वर्षाखालची खूण पाहून टाकसाळ ओळखता येते. हिऱ्याची खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची आणि ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. त्यामुळे 'खूणच नाही, म्हणजे एरर' हा समज इथेच निकालात निघतो.

प्रक्रिया ढोबळमानाने चार टप्प्यांची आहे. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात, त्यांना 'ब्लँक' म्हणतात. या चकत्या तापवून मऊ आणि स्वच्छ केल्या जातात. मग त्यांची कड दाबून किंचित उंच केली जाते. शेवटी प्रत्येक चकती वरचा आणि खालचा अशा दोन ठशांमध्ये, म्हणजे 'डाय'मध्ये येते. तिच्याभोवती 'कॉलर' नावाचे पोलादी कडे असते. कित्येक टनांच्या एका दाबात दोन्ही बाजू उमटतात आणि कॉलरमुळे धातू बाहेर पसरत नाही. आधुनिक यंत्रे मिनिटाला शेकडो नाणी पाडतात.

यावरून 'मिंट एरर'ची सोपी व्याख्या मिळते. वरच्या चार टप्प्यांपैकी कुठेतरी घडलेली चूक म्हणजे मिंट एरर. चूक चकतीची असेल, डायची असेल किंवा दाब देतानाची असेल. नाणे यंत्रातून बाहेर पडल्यावर त्याला जे काही झाले ते नुकसान. म्हणून हातातल्या नाण्याला एकच प्रश्न विचारायचा: असे होण्यासाठी यंत्रात नेमके काय घडायला हवे होते? उत्तर सापडत नसेल, तर ते नाणे बाहेर बिघडलेले असण्याची शक्यता अधिक.

पहिली तपासणी: रेघ उंच आहे की खोल?

ही सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी चाचणी. लाखो दाब झेलून डायला तडा जातो. दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ उमटते ती उंचावलेली. म्हणजे डायची जखम नाण्यावर उंचवटा होऊन दिसते. उलट खिळ्याने, किल्लीने किंवा फरशीवर घासून पडलेला ओरखडा खोल असतो. नखाने चाचपून पाहा. नखाला रेघ उंच लागली तर ती डायच्या तड्याची असू शकते. नख खाचेत अडकले तर बहुधा ओरखडा.

डायचा कडेचा तुकडाच निखळला, तर नाण्याच्या कडेला धातूचा उंच, गुळगुळीत आणि नक्षी नसलेला गोळा दिसतो. हातोडी मारून असा गोळा तयार करता येत नाही, कारण हातोडी धातू खाली दाबते, वर आणत नाही.

याला एक अपवाद आहे. डायमध्ये ग्रीस किंवा कचरा भरला, तर अक्षरे अर्धवट किंवा पुसट उमटतात. 'भारत'मधला 'भा' गायब झालेला दिसतो. अशा वेळी मोकळी राहिलेली जागा नाण्याच्या बाकीच्या पृष्ठभागासारखीच गुळगुळीत आणि चमकदार असते. कानस मारून अक्षर उडवले असेल, तर तिथे एका दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात. खिडकीशी जाऊन नाणे तिरके धरा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून पाहा, त्या रेघा लपत नाहीत.

कडेला 'चावा' घेतलेले नाणे

चकत्या कापताना धातूची पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणारा पंच आधीच्या छिद्रावर थोडासा चढतो. मग चकतीच्या कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी पडतो. अशी नाणी खरी असतात, पण कात्रीने किंवा कानशीने नक्कल करायलाही हाच प्रकार सर्वांत सोपा आहे.

फरक ओळखायच्या तीन खुणा आहेत. पहिली, खाचेची वक्रता. ती आधीच्या छिद्राची असल्यामुळे साधारण त्याच आकाराच्या नाण्याची कड तिथे बसायला हवी. दुसरे नाणे खाचेत ठेवून पाहा. पट्टीच्या टोकाला कापलेल्या चकतीची खाच मात्र सरळ असते. दुसरी खूण, समोरची बाजू. चकतीची कड उंच करताना ती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल, तर बरोबर समोरच्या बाजूला दाब बसत नाही. त्यामुळे खऱ्या नाण्यात खाचेच्या अगदी समोरची कड अनेकदा पुसट असते. घरी कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते, कारण कापण्याआधी नाणे पूर्ण तयार होते. तिसरी खूण, खाचेजवळची अक्षरे. खऱ्या नाण्यात धातू मोकळ्या जागेकडे सरकल्यामुळे ती थोडी ताणलेली किंवा निमुळती दिसतात. कापलेल्या नाण्यात अक्षर धारेवर अचानक तुटते.

छाप सरकलेले नाणे

चकती डायच्या मधोमध बसली नाही, तर छाप एका बाजूला जातो आणि दुसरीकडे कोरी कोर उरते. कॉलरचा आधार नसल्याने असे नाणे गोलाईत थोडे बिघडते, पण धातू कुठे हरवत नाही. म्हणजे वजन जवळपास पूर्ण भरते. कोरी बाजू कोरीच असायला हवी. तिथे आधीच्या अक्षरांच्या सावल्या दिसत असतील, तर नक्षी घासून काढली आहे.

चकती मधोमध आहे पण कॉलर नाही, असेही होते. मग नाणे नेहमीपेक्षा मोठे, पातळ आणि कडेची उंची नसलेले बनते. याच्याशी गल्लत होते ती रेल्वे रुळावर ठेवून चपटे केलेल्या नाण्याची. फरक सोपा आहे. कॉलरविना पडलेल्या नाण्यावर मधली नक्षी स्पष्ट असते. रुळावरच्या नाण्यात नक्षीसकट सगळे पसरलेले आणि बहुधा लंबगोल झालेले असते.

दोन्ही बाजूंना एकच छाप, एक सरळ आणि एक उलटा

याला संग्राहक 'ब्रोकेज' म्हणतात. आधीचे नाणे एका डायला चिकटून राहते, पुढची चकती त्यावर दाबली जाते. मग नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीचा छाप आणि दुसऱ्या बाजूला त्याच छापाची आरशातली, आत दबलेली प्रतिमा उमटते.

याची नक्कल दोन नाणी एकमेकांवर ठेवून बाकात आवळून किंवा घण मारून केली जाते. पण तेव्हा दोन्ही नाण्यांवर आधीच छाप असतो. त्यामुळे उलट्या प्रतिमेच्या खाली मूळ नक्षी चेपलेल्या अवस्थेत उरते. अस्सल ब्रोकेजमध्ये उलट्या प्रतिमेखाली दुसऱ्या छापाचा मागमूस नसतो, कारण ती चकती आधी कोरीच होती.

'दोन्ही बाजूंना सिंह' किंवा 'दोन्ही बाजूंना आकडा' असलेली सरळ छापांची नाणी मात्र बहुतेक वेळा जादूगाराची असतात. एक नाणे आतून कोरून त्यात दुसऱ्याची चकती बसवलेली असते. कडेच्या आतल्या बाजूने भिंगातून पाहिले की सांधा दिसतो.

अक्षरे दुहेरी दिसतात, म्हणजे काय?

डाय तयार होतानाच अक्षर दोनदा उमटले असेल, तर त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर दुहेरी अक्षर येते. दोन्ही अक्षरे गोलाईदार आणि उंच असतात, टोकाला फाटा फुटल्यासारखा दिसतो. याला संग्राहकांकडे किंमत आहे. पण दाब देताना डाय किंचित थरथरली, तर अक्षराच्या बाजूला चपटी, पायरीसारखी कड तयार होते. हा दुसरा प्रकार फार सामान्य आहे आणि त्याला जादा किंमत नाही. विक्रीला ठेवलेल्या 'डबल डाय'मध्ये हाच प्रकार अनेकदा खपवला जातो.

दहा आणि वीस रुपयांच्या नाण्यांचे काय?

या नाण्यांत कडे आणि मधली चकती वेगळ्या धातूंची असते. छापाच्या त्याच दाबात ती दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात. मधली चकती सरकली असेल किंवा गायब असेल, तर ती टाकसाळीतली चूक असू शकते. पण चकती ठोकून बाहेर काढणे आणि उलटी बसवणे हेही घरी करता येते. अशा नाण्यात सांध्यापाशी ओरखडे, फट किंवा सैलपणा दिसतो. मधली चकती नसलेले कडे हाती आले, तर त्याच्या आतल्या कडेकडे बघा. जोडणी होऊन मग सुटलेल्या कड्याच्या आत चकतीच्या पकडीचे वळ राहतात.

घरात आणि बाजारात नाण्याचे काय काय होते?

नाणी चुलीत, होळीत, चितेच्या राखेत सापडतात. तापलेल्या नाण्याचा रंग तांबूस, निळसर किंवा काळा होतो. तो 'चुकीचा धातू' नसतो. आम्लात पडलेले नाणे सगळीकडून सारखे झिजते, अक्षरे साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होतात आणि वजन घटते. नदीत, तलावात टाकलेल्या नाण्यांना खड्डे पडतात. करदोट्यात ओवण्यासाठी भोक पाडलेले, देवघरासाठी सोनेरी मुलामा दिलेले, यंत्राच्या फिरत्या भागात अडकून कड आत वळलेले, अशी नाणी नेहमी दिसतात. ही सगळी मोडतोडच.

एक सूचना: नाणे चमकावण्यासाठी चिंच, लिंबू किंवा राख लावू नका. एखादे नाणे खरोखर अस्सल चुकीचे निघाले, तर घासल्यामुळे त्याची संग्राहकांच्या दृष्टीने असलेली किंमत घटते.

चूक वाटते, पण चूक नाही

गेल्या काही दशकांत एकाच किमतीच्या नाण्याचे आकार इतक्यांदा बदलले आहेत की गोंधळ होणारच. आधीचे स्टीलचे एक रुपयाचे नाणे २५ मिलिमीटरचे होते. २०११ मध्ये ते २२ आणि २०१९ च्या मालिकेत २० मिलिमीटरचे झाले. २०११ चे दोन रुपयांचे नाणे तर जुन्या एक रुपयाच्याच मापाचे आहे. पाच रुपयांचे नाणे काही काळ स्टीलचे होते, नंतर पिवळे झाले. त्यामुळे 'पांढरे पाच रुपये' हा एरर नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांत काही नाणी परदेशी टाकसाळींतून पाडून आणली होती, त्यांच्या खुणा वेगळ्या आहेत. वैष्णोदेवीचे चित्र असलेली २०१२ ची नाणी ही देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेली स्मारक नाणी आहेत, चुकीची नव्हेत.

दहा रुपयांच्या नाण्यांबाबतही असेच झाले. रुपयाचे चिन्ह असलेले खरे की नसलेले, या वादात अनेक ठिकाणी दुकानदारांनी नाणी नाकारली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की तोवर चलनात आलेल्या १४ प्रकारच्या नक्षी सगळ्या वैध आहेत.

वजन काट्यावर तपासा

इतवारीतल्या कोणत्याही सराफाकडे किंवा घरच्या छोट्या डिजिटल काट्यावर ही चाचणी होते. तुलनेसाठी आकडे असे:

- १ रुपया: २०११ ची मालिका ३.७९ ग्रॅम, २०१९ ची ३.०९ ग्रॅम
- २ रुपये: २०११ ची ४.८५ ग्रॅम, २०१९ ची ४.०७ ग्रॅम
- ५ रुपये: २०११ ची ६ ग्रॅम, २०१९ ची ६.७४ ग्रॅम
- १० रुपये: २०११ ची ७.७१ ग्रॅम, २०१९ ची ७.७४ ग्रॅम
- २० रुपये: ८.५४ ग्रॅम, बारा बाजूंचे

कोरे नाणे पूर्ण वजनाचे असेल, तर ते न छापलेली चकती असू शकते. बरेच हलके असेल, तर घासून सपाट केलेले. मात्र वजन बरोबर आले म्हणून नाणे अस्सल ठरत नाही, कारण बाकात चेपलेल्या नाण्याचेही वजन तेवढेच राहते. वजन खोटे पकडते, पण खऱ्याची हमी देत नाही.

भोसल्यांच्या रुपयाला हे नियम का लागू नाहीत?

विदर्भात अनेक घरांत जुनी नाणी आहेत आणि त्यांवरही 'एरर' म्हणून दावे होतात. शिवराई किंवा नागपूरकर भोसल्यांच्या काळातला रुपया हाताने पाडला जात असे. धातूचा तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वरचा ठसा धरून हातोडा मारायचा. ठसा अनेकदा तुकड्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच उमटे. अशा नाण्यावर छाप सरकलेला असणे, अक्षरे तुटलेली असणे, आकार वेडावाकडा असणे हेच नेहमीचे. उलट पूर्ण मजकूर उमटलेले नाणे संग्राहकाला अधिक हवे असते. ज्यांना हा फरक प्रत्यक्ष पाहायचा आहे, त्यांच्यासाठी १८६३ मध्ये सुरू झालेले सिव्हिल लाइन्सचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील मुद्राशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय ही दोन ठिकाणे आहेत.

नक्षीतला दोष हाही वेगळाच प्रकार. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरचा हत्ती डुकरासारखा दिसत असल्याची ओरड झाली आणि पुढच्या वर्षी नक्षी बदलली गेली. ते नाणे प्रसिद्ध आहे, पण टाकसाळीने ठरल्याप्रमाणेच पाडले होते. म्हणजे तो मिंट एरर नव्हे.

किंमत कोण ठरवते?

सरकारी दर नाही, 'रेट लिस्ट' नाही. किंमत म्हणजे एखादा संग्राहक जे देईल ते. चूक जितकी ठळक आणि दुर्मीळ, तितकी मागणी. किंचित सरकलेला छाप, थोडी फिरलेली बाजू किंवा बारीक तडा यांना फारशी मागणी नसते. व्हिडीओत सांगितलेली किंमत किंवा कोणी जाहिरातीत लावलेली किंमत ही फक्त मागणी असते. नाणे खरोखर कितीला विकले गेले, हे नोंदणीकृत लिलावाच्या निकालातच दिसते.

फसवणूक कशी होते?

पद्धत साधारण ठरलेली. तुम्ही नाण्याचा फोटो पाठवता. समोरचा लगेच 'अस्सल आहे' म्हणतो आणि मोठी रक्कम सांगतो. मग नोंदणी शुल्क, कर, विमा, 'रिझर्व्ह बँकेचे प्रमाणपत्र' अशा नावांनी पैसे मागितले जातात. प्रत्येक वेळी रक्कम छोटी असते, म्हणून माणूस देत जातो. विकायला निघालेला माणूसच पैसे भरत राहतो.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याबाबत जाहीर इशारा दिला. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने असे पैसे घेण्याचा अधिकार बँकेने कोणालाही दिलेला नाही, असे त्यात म्हटले आहे. नागपुरातल्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात 'एरर कॉइन' घेऊन जाण्यातही अर्थ नाही. तिथे त्याची जादा किंमत मिळत नाही.

पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आणि लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही.

कायदा काय म्हणतो?

नाणे अधिनियम, २०११ नुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा असून त्यासाठी ७ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मुद्दाम विद्रूप केलेले नाणे वैध चलन राहत नाही. बनवलेला 'एरर' अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक ठरू शकते. शेतात किंवा घराच्या पायात जुन्या नाण्यांचा साठा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ती परस्पर विकता येत नाहीत.

वेगळे नाणे हाती आले तर?

धुऊ नका, घासू नका. कागदी पाकिटात वेगळे ठेवा. दोन्ही बाजू आणि कड यांचे तिरक्या उजेडात फोटो काढा. वजन आणि व्यास मोजून त्याच वर्षाच्या साध्या नाण्याशी तुलना करा. यंत्रात काय चुकले असेल, याचे उत्तर सापडते का ते पाहा. सापडले, तर नाणेसंग्राहकांच्या प्रदर्शनात किंवा नोंदणीकृत लिलावगृहाकडे किमान दोघांना दाखवा. तपासणीच्या आधी पैसे मागणाऱ्याला नाणे दाखवू नका. आणि उत्तर सापडलेच नाही, तर ते नाणे अजूनही एक रुपयाचे आहे. चिल्लरच्या डब्यात परत टाका.